वैशाखातली बॅच: ब्रॉयलरच्या खाद्यातली खनिजे, जीवनसत्त्वे आणि एन्झाइम

उन्हाळा लागला हे ब्रॉयलरवाल्याला आधी कानाने कळते. दुपारी एकच्या सुमाराला फीडरवरची टकटक थांबते. पक्षी पंख अंगापासून दूर धरून, चोची उघड्या टाकून, शेडमध्ये अंथरलेल्या तुसावर पसरलेले असतात. चार वाजता वजनदार पक्ष्यांतला एखादा उताणा सापडतो, मग दुसरा. मग आपण औषधाच्या दुकानात पळतो आणि जी बाटली पुढे येईल ती टाकीत ओततो.

माझे सांगणे एवढेच, की उन्हाळ्यात खनिजे, जीवनसत्त्वे आणि एन्झाइम यांची गरज खरोखर बदलते, पण ती बाटल्यांच्या संख्येने भागत नाही. खाद्य कोणत्या वेळी पोटात जाते, गोणीतल्या प्रीमिक्सचा (खाद्यात घालायच्या जीवनसत्त्वे-खनिजांच्या तयार मिश्रणाचा) जोर शाबूत आहे का आणि निपलमधून (पक्षी चोचीने दाबून पाणी पितो त्या तोटीतून) येणारे पाणी किती गरम आहे, या तीन गोष्टींवर बॅचचे वजन ठरते.

धापेबरोबर काय निघून जाते

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. धापा टाकून, श्वासातला ओलावा उडवूनच ती अंग थंड करते. पण त्या धापेबरोबर कार्बन डायऑक्साइडही गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी व्हायला लागते. तोल सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकतात आणि त्याच्यासोबत सोडियम आणि पोटॅशियम वाहून जाते. उन्हाळ्यात शीट पातळ होते ती नेहमीच हगवण नसते. पाणी जास्त पिणे आणि क्षार वाहून जाणे हेही त्यामागे असते. तिथे अँटिबायोटिक देऊन काही साधत नाही.

दुसरा तोटा खाद्याचा. समजा पाचव्या आठवड्यात पक्षी दिवसाला १५० ग्रॅम खायचा, तो १२० वर आला. प्रीमिक्स खाद्यातूनच जाते, म्हणजे प्रत्येक जीवनसत्त्व आणि प्रत्येक सूक्ष्म खनिज पाचव्या हिश्शाने कमी पोहोचले. ते भरून काढायचे तर टनामागचे प्रीमिक्स सव्वापट करावे लागते. हा हिशेब जीवनसत्त्वे, जस्त, मँगनीज, तसेच लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्ले यांच्यासाठी ठीक आहे. कॅल्शियम आणि मिठाला तो लावू नका. कारण पुढे येईल. सेलेनियमचीही वेगळी काळजी घ्यायची आहे.

पाण्यापासून सुरुवात करा

ब्रॉयलर एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी पितो. कडक उन्हात हे प्रमाण तिप्पट, चौपट होते. हजार मोठे पक्षी असतील तर दिवसाला ५०० लिटरची सोय धरूनच चाला. काळी प्लास्टिकची टाकी पत्र्यावर उघडी असेल तर दुपारी त्यातले पाणी हाताला चटका देते, आणि तसे पाणी पक्षी पीत नाही. टाकीवर सावली करा, ओले गोणपाट गुंडाळा. अकरा, एक आणि तीन वाजता पाइपलाइनचे टोक उघडून साचलेले गरम पाणी सोडून द्या. मी एवढा आग्रह धरतो, कारण इलेक्ट्रोलाइट (विरघळणारे क्षार), क जीवनसत्त्व, सगळे याच पाण्यातून जाते. पाणीच प्यायले नाही, तर त्यात काय मिसळले याला अर्थ नाही.

मराठवाड्यात, सोलापूरकडे आणि खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी मुळातच क्षारयुक्त असते. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली की ते आणखी जड होते. मार्चमध्येच पाणी तपासून घ्या. पाण्यातच सोडियम जास्त असेल तर वरून मीठ, सोडा आणि इलेक्ट्रोलाइट घातल्याने शीट पातळ होते, तूस भिजते, अमोनिया सुटतो आणि तळपायाला फोड येतात.

सोडा, पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व

स्वतः खाद्य बनवत असाल तर एप्रिल-मेमध्ये मिठाचा काही भाग खाण्याच्या सोड्याने बदला. मिठात सोडियम सुमारे ३९ टक्के, सोड्यात २७ टक्के. म्हणून एक किलो मीठ कमी केले तर साधारण दीड किलो सोडा लागतो. टनाला तीन किलो मीठ घालत असाल तर दोन किलो मीठ आणि दीड किलो सोडा करा. सगळे मीठ काढू नका, पक्ष्याला क्लोराइडही लागते. सोडा नीट दळलेला, गुठळी नसलेला घ्या. कंपनीचे तयार खाद्य वापरत असाल, तर त्यात मीठ किंवा सोडा काहीही घालू नका. ते प्रमाण आधीच बसवलेले असते.

पोटॅशियम सोयापेंडीतून मिळते, तरी धापेच्या दिवसांत कमी पडू शकते. त्यासाठी इलेक्ट्रोलाइट पावडर घेताना पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलेले आहे का ते पाहा. नुसती साखर आणि रंग असलेली पाकिटेही बाजारात मिळतात. मात्रा पाकिटावरचीच ठेवा आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढ्याच वेळात द्या. रात्री साधे पाणी. चोवीस तास इलेक्ट्रोलाइट पाजले की दोन दिवसांत तूस चिखलासारखे होते.

क जीवनसत्त्व कोंबडी स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते, म्हणून थंडीत ते वेगळे द्यावे लागत नाही. उष्णतेच्या ताणात मात्र तिची निर्मिती पुरी पडत नाही. किलो खाद्यामागे २०० ते २५० मिलिग्रॅम, किंवा तेवढेच पाण्यातून, हे प्रमाण चालते. खरी अडचण अशी, की क नाजूक असते. उन्हात, गरम पाण्यात आणि क्लोरीनच्या पाण्यात ते झपाट्याने नष्ट होते. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या टाकीतच क ओतणारे मी कितीतरी शेडवर पाहिले आहेत, तिथे पैसे थेट वाया जातात. क्लोरीन रात्रीच्या पाण्याला वापरा, सकाळी पाइपलाइन धुऊन साध्या पाण्यात क द्या आणि तीन-चार तासांत संपेल एवढेच पाणी बनवा.

ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम ही जोडी आहे. उष्णतेने पेशींवर जो ऑक्सिडेशनचा मारा होतो तो दोघे मिळून रोखतात. ई उन्हाळ्यात वाढवलेले चांगले. सेलेनियमबाबत हात आखडता ठेवा: किलो खाद्यात ०.३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि उपयोगी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडे आहे. प्रीमिक्समध्ये सेलेनियम आहे, लिव्हर टॉनिकमध्ये आहे आणि ई-सेलेनियमच्या बाटलीतही आहे, असे तिन्हीकडून ते जात नाही ना, लेबले शेजारी ठेवून बघा. प्रीमिक्स सव्वापट करतानाही सेलेनियमची बेरीज आधी करा.

फायटेज आणि चुनखडी

मका आणि सोयापेंड यांतला निम्म्याहून जास्त, जवळपास दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या रूपात अडकलेला असतो. कोंबडीच्या आतड्यात तो सोडवण्याची ताकद फारच थोडी. तो शीटेबरोबर बाहेर जातो आणि जाताना जस्त, कॅल्शियम आणि काही प्रथिनेही धरून नेतो. फायटेज एन्झाइम हे कुलूप उघडते. ग्रॅमला ५,००० युनिटचे फायटेज टनाला १०० ग्रॅम घातले, की किलोमागे ५०० युनिट होतात. त्यातून साधारण ०.१ टक्का फॉस्फरस मोकळा होतो. डीसीपीमध्ये (डायकॅल्शियम फॉस्फेट, खाद्यात घालायचे फॉस्फरसचे खनिज) फॉस्फरस १८ टक्के धरला, तर टनामागे सुमारे साडेपाच किलो डीसीपी वाचते. फायटेज घालूनही डीसीपी तेवढेच ठेवले, तर एन्झाइमचा खर्च वरचढ बसतो.

आता कॅल्शियम. डीसीपी महाग, चुनखडी स्वस्त, म्हणून गावच्या मिक्सरवर चुनखडीचा हात सैल सुटतो. ब्रॉयलरच्या खाद्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास पुरे. जास्त झाले की ते फायटेटला घट्ट चिकटते आणि फायटेजला कुलूप उघडता येत नाही. मग फॉस्फरस कमी पडतो आणि हाडे मऊ होतात. कॅल्शियम भरपूर घातले तरी पक्षी लंगडतो, त्याचे हे कारण. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य स्वस्त मिळाले म्हणून ब्रॉयलरला घालणे तर फारच घातक. त्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते आणि लहान पक्ष्याची मूत्रपिंडे त्याने खराब होतात.

दुसऱ्या गटातली एन्झाइम, म्हणजे झायलानेज, बीटा-ग्लुकानेज आणि त्यांची भावंडे, फक्त गरज असेल तिथेच घ्या. मका महाग झाला की आपण गहू, बाजरी, तेल काढलेला भाताचा कोंडा असे काही मिसळतो. त्यांतला तंतुमय भाग पक्ष्याला पचत नाही. गव्हाने तर आतड्यातला रस चिकट होतो आणि शीट चिकट पडते. तिथे झायलानेज उपयोगी पडते. खाद्य निव्वळ मका-सोयाचे असेल, तर महागड्या मिश्र एन्झाइमने फार फरक पडेल अशी आशा ठेवू नका. तांदळाच्या कणीलाही त्याची विशेष गरज नसते.

पेलेट (खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या) बनवणाऱ्या मशीनमध्ये खाद्य ८० अंशांच्या पुढे तापते. साधे एन्झाइम त्यात टिकत नाही. पेलेटसाठी उष्णता सोसणारे घ्या, किंवा मॅशमध्ये, म्हणजे भरड्या खाद्यात, वापरा.

एका एप्रिलमध्ये माझ्या शेडवर

काही वर्षांपूर्वी तिसऱ्या आठवड्यात माझे पक्षी टाचांवर बसायला लागले. आधी वाटले तूस ओले आहे. मग चोच दाबून पाहिली, तर ती रबरासारखी वाकत होती. डॉक्टरांनी दोन पक्षी उघडले. छातीचे हाड वाकडे, पायाचे हाड कट्कन मोडण्याऐवजी लवत होते. हाडे घट्ट करणारे डी-३ जीवनसत्त्व पोहोचलेच नव्हते. चूक माझीच होती. जानेवारीत स्वस्त मिळाले म्हणून तीन महिन्यांचे व्हिटॅमिन, मिनरल मिक्श्चर आणि कोलीन क्लोराइड एकदम आणून, सोयीसाठी एकाच ड्रममध्ये मिसळून पत्र्याखाली ठेवले होते. कोलीन हवेतला ओलावा खेचते आणि तांबे-लोहासारखी खनिजे त्या ओलाव्यात जीवनसत्त्वांवर मारा करतात. वर पत्र्याची ऊब. हलके लंगडणारे पक्षी पाण्यातून डी-३ दिल्यावर सावरले. पुढे गेलेले काढून टाकावे लागले, आणि ती बॅच विकताना मला फार वाईट वाटले.

तेव्हापासून जीवनसत्त्वे, मिनरल मिक्श्चर आणि कोलीन वेगवेगळ्या बंद डब्यांत, घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवतो, आणि महिन्याला लागेल तेवढेच आणतो. मिसळताना आधी एक किलो प्रीमिक्स दहा किलो मका भरड्यात, मग ते पन्नास किलोत, मग सगळ्या ढिगात. मूठभर पावडर थेट टनभर खाद्यावर भुरभुरली, तर कुणा पक्ष्याला दुप्पट जाते, कुणाला काहीच नाही.

लंगडणारा पक्षी पाहताना

सगळे लंगडणे सारखे नसते. दुसऱ्या आठवड्यात बोटे आत वळलेली असतील तर बी-२ जीवनसत्त्व कमी पडल्याची शंका घ्या. टाचेच्या सांध्यावरची शीर घसरून पाय वाकडा झाला असेल तर मँगनीज, कोलीन, बायोटिन पाहा. मान मागे वळून पक्षी आकाशाकडे बघत असेल तर बी-१. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: रक्ती हगवणीसाठी दिले जाणारे अ‍ॅम्प्रोलियम बी-१ च्या विरुद्ध काम करते, म्हणून ते ठरल्या दिवसांपेक्षा लांबवू नका आणि त्याच दिवसांत बी-१ देऊ नका. लंगडण्यामागे संसर्गही असतो. रोज दोन-तीन नवे पक्षी बसत असतील, तर ताजे मेलेले पक्षी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात तपासून घ्या. अंदाजाने बाटल्या बदलत बसू नका.

‘ग्रोथ प्रमोटर’ म्हणून मिळणाऱ्या पावडरीत काय आहे, हे वाचल्याशिवाय घेऊ नका. अन्नासाठी पाळलेल्या कोंबड्यांत कोलिस्टिन हे अँटिबायोटिक वापरण्यावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली आहे.

करारावर पक्षी सांभाळत असाल तर

खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे, म्हणून आपल्या हातात काही नाही असे समजू नका. गोणी उतरवून घेताना तारीख पाहा. गोणी जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा आणि जुनी आधी फोडा. पत्र्याच्या तापत्या खोलीत तीन आठवडे पडलेल्या खाद्यातली जीवनसत्त्वे आली तेव्हाएवढी राहत नाहीत. असे खाद्य आले तर सुपरवायझरला स्पष्ट सांगा, वहीत नोंद करा.

खाद्याची वेळ तर पूर्णपणे तुमच्याच हातात आहे. पचनाची उष्णता अंगात तयार होते, ती ऐन उन्हात नको. तीन आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यांचे फीडर सकाळी दहाला वर उचला, ऊन कलल्यावर पाचला खाली सोडा. पहाटे चारला दिवे लावा, रात्री गार झाल्यावर पुन्हा खाऊ द्या. पाणी मात्र एक क्षणही बंद ठेवू नका. विदर्भ-खानदेशच्या कोरड्या उन्हात फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे यंत्र) चांगले काम करतो. कोकणात हवेतच दमटपणा असल्याने फॉगरने धाप वाढते, तिथे पंखे लावा आणि पक्ष्यांची दाटी कमी करा. गुळाचे पाणी देणाऱ्यांनी संध्याकाळी पाइपलाइन धुतलीच पाहिजे, नाहीतर निपल चिकटतात आणि आत बुरशीचा थर धरतो.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडून हवा गार झाली, की त्याच दिवशी इलेक्ट्रोलाइट थांबवा आणि पुढच्या मिश्रणात सोडा काढून मीठ पूर्ववत करा. पक्षी एकदम जास्त खायला लागतात, त्यामुळे सव्वापट केलेले प्रीमिक्सही नेहमीच्या मात्रेवर आणा. तूस उलथून कोरडे करून ठेवा, कारण त्या आठवड्यात शीट आणि ओल दोन्ही वाढतात.