मालवणच्या समुद्रात एक दिवस: डॉल्फिन, प्रवाळ आणि किल्ला पाहण्याची रीत

मालवणला होडीने फिरायचे असेल, तर राहण्याची खोली ठरवण्याआधी पंचांग पाहावे. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा कोकणातला जुना हिशेब आजही उपयोगी पडतो; पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात प्रवाहाला जोर येतो आणि पाणी गढूळते, म्हणून प्रवाळ पाहायचे असल्यास अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले दिवस निवडावेत. पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असतात.

होडी ठरवताना महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना, होडीची प्रवासी क्षमता आणि प्रत्येकासाठी लाईफ जॅकेट आहे का, हे आधी विचारावे. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा: डॉल्फिन दिसले नाहीत तर? जो होडीवाला 'हमखास दाखवतो' असे सांगतो, तो बहुधा त्यांचा पाठलाग करणारा असतो. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालत आली आहे आणि ज्याला पाण्याखालचे खडक तोंडपाठ आहेत, असा माणूस चार पैसे जास्त मागत असला तरी त्यालाच सोबत घ्यावे.

देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ दिसणारे डॉल्फिन बहुतेक वेळा पाठीवर उंचवटा असलेल्या जातीचे असतात. ते उथळ पाण्यातच वावरतात आणि आवाजाच्या आधारे भक्ष्य शोधतात, त्यामुळे इंजिनाची घरघर हा त्यांच्यासाठी केवळ उपद्रव नसून शिकारीतला अडथळा असतो. सकाळी लवकर निघावे, कळप दिसताच वेग कमी करायला सांगावे, समोरून किंवा मधून होडी घालू देऊ नये आणि पुरेशा अंतरावर थांबावे. सोबत पिल्लू असेल किंवा आधीच इतर होड्या जमल्या असतील, तर सरळ पुढे निघावे.

मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पद्मगड बेटाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे बुडालेले खडक एके काळी शत्रूच्या मोठ्या जहाजांना अडवत असत, आणि आज त्याच खडकांच्या आधाराने प्रवाळ वाढतात. वाट माहीत असलेल्या होडीवाल्याचे मोल दोन्ही काळांत सारखेच आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ती अतिशय सावकाश वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची वसाहत आहे, म्हणून स्नॉर्कलिंग करताना त्यावर उभे राहू नये आणि हाताने आधारही घेऊ नये. नांगर वाळूत टाकायला सांगावा. फोटोसाठी मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटे टाकली जातात, त्याला नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यावा.

किल्ल्याकडे जाण्याआधी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा पाहावा, कारण 25 नोव्हेंबर 1664 रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी येथे पूजन करून कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाला आरंभ केला, असे सांगितले जाते. होडी किल्ल्यापाशी आल्यावरही मुख्य दरवाजा चटकन दिसत नाही. तो तटाच्या वळणात खुबीने दडवला आहे, म्हणून पहिल्याच फेरीत ही रचना पाण्यावरून न्याहाळावी. तटावर चढल्यावर ती तितकी उमगत नाही. आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी असताना एवढी शिबंदी कशी राहिली, याचे उत्तर तिथे मिळते. शिवराजेश्वर मंदिरात आणि महाराजांच्या हाता-पायांच्या ठशांपाशी गर्दी होते, मात्र समुद्राकडच्या तटावर सहसा शांतता असते. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या 12 किल्ल्यांत सिंधुदुर्ग असल्याने वर्दळ वाढली आहे, आणि पाण्याच्या बाटल्याही. आपला कचरा परत आणावा. तटावरून उडालेले प्लॅस्टिक थेट अभयारण्यात पडते.

परतीसाठी होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात, जी सगळा तट फिरायला अपुरी पडते. जास्त वेळ हवा असल्यास चढण्यापूर्वीच बोलून ठेवावे, आणि दुपारनंतर वारा वाढून पाणी खवळण्याआधी परतण्याचे ठरवावे.