फोनवर ‘व्हायरस सापडला’ असं सारखं येतंय?

‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला, लगेच साफ करा’ असे निरोप अँड्रॉइड फोनवर दिवसभर येत असतील, तर घाबरून काही डाउनलोड करू नका. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच. कधीतरी एखादी वेबसाइट उघडल्यावर ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ असं विचारणाऱ्या चौकटीवर घाईत ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं. ती साइट बंद केली तरी परवानगी ब्राउझरमध्ये तशीच राहते, आणि तिच्याच जोरावर हे निरोप येतात.

निरोपावर टॅप करू नका. तो नीट वाचलात तर क्रोमच्या चिन्हाजवळ साइटचं नाव दिसेल, तेवढं लक्षात ठेवा. मग क्रोम उघडून वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइटची यादी तिथे असते. ते नाव शोधून परवानगी काढून टाका. अनोळखी नावं दिसली तर तीही काढा, काही बिघडत नाही.

याच पानावर साइटना परवानगी मागण्यापासूनच रोखण्याची सोय आहे. माझं स्पष्ट मत, ती वापराच. बातमी वाचायला आलेल्या माणसाला पहिल्याच क्षणी असं अडवणं मला उद्धटपणाचं वाटतं. घरातल्या वयस्कर मंडळींच्या फोनवर तर हे आजच करून द्या, कारण असल्या धमकीवजा निरोपांना तीच सर्वांत जास्त घाबरतात.

एवढं करूनही जाहिराती येतच राहिल्या, तर नुकतीच टाकलेली ॲप्स तपासा.