इझनिकच्या फरशांची नक्षी घरात आणताना

तुर्कस्तानातील इझनिक शैलीच्या फरशा चित्रात मोहक दिसतात, पण पूर्ण भिंत त्यांनीच भरली की छोटी खोली अंगावर येते.

यावर सोपा उपाय म्हणजे फरशांऐवजी आधी त्यांतील रंगांचे प्रमाण उचलावे. इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीतील सोळाव्या शतकातल्या फरशा निरखल्यास पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद निळा आणि फिरोजी रंग भरपूर दिसतो, तर ट्यूलिप आणि कार्नेशनच्या पाकळ्यांतला, बोटाला किंचित उंच लागणारा टोमॅटोसारखा लाल रंग मोजकाच असतो. त्याप्रमाणे भिंत पांढरी ठेवावी, पडदे किंवा उशांचे अभ्रे निळे घ्यावेत आणि लाल रंग एखाद्याच वस्तूपुरता राखावा.

खऱ्या फरशा हव्याच असतील, तर नक्षीची छायाचित्रे मूळ आकारात कागदावर छापून ओट्यामागे चिकटवावीत आणि दोन दिवस, रात्रीच्या दिव्यातही, पाहून मगच मागणी नोंदवावी. काही नक्ष्या चार फरशा जुळल्यावरच पूर्ण होतात, त्यामुळे संख्या त्या हिशेबाने धरावी.

भिंतीसाठी बनवलेली फरशी जमिनीवर मात्र बसवू नये. ती ओली झाली की निसरडी होते आणि तिची झिलई पायांखाली लवकर झिजते.