जुनी पॉइंट टू-टू अडकते तेव्हा पक्कड लांब ठेवा

एनसीसीत पॉइंट टू-टू डीलक्स (.22 बोअरची रायफल) चालवलेल्यांना बोल्ट (गोळी आत ढकलून मागून बंद करणारा दांडा), मॅगझिन (गोळ्यांची पेटी), पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) समजावायला नको. पण कॅम्पात रायफल अडकली की आपण हात वर करायचो, उस्ताद, म्हणजे शिकवणारे, येऊन बघायचे. पुढे एका क्लबात जुन्या रायफली सांभाळायचं काम गळ्यात पडलं, तेव्हा कळलं की हात वर करण्यापलीकडे मला काहीच येत नाही.

पहिल्याच महिन्यात एक रायफल दर पाच गोळ्यांत दोनदा अडायला लागली. मी परस्पर ठरवलं, मॅगझिनच्या लिप (गोळी धरणाऱ्या वरच्या कडा) पसरल्यात. पक्कड घेतली, दाबल्या. आता काडतूस नाक खाली घालून बसायला लागलं. पुन्हा वाकवल्या, तर नाक छताला. दोन संध्याकाळी यात गेल्या. दुसरं मॅगझिन लावून बघायला दोन मिनिटं लागली असती. शेवटी लावलं, तर त्यातलीही गोळी तशीच अडली!

म्हणून काडतूस उपसून फेकू नका, ते कुठं थांबलंय ते आधी बघा. नाक चेंबरच्या (नळीत गोळी बसते त्या जागेच्या) तोंडाखाली आपटत असेल तर मॅगझिन, त्याची स्प्रिंग किंवा ते धरणारा खटका तपासा. उडालेल्या गोळीची पुंगळी आतच असेल तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे ती बाहेर ओढणारा आकडा. आणि काडतूस अर्धंमुर्धं आत जाऊन अडत असेल, तर मॅगझिनला हातही लावू नका.

माझं तेच होतं. प्रत्येक काडतुसावर एकाच बाजूला ओरखडा, आणि मी तो पाहूनही पाहिला नव्हता. पॉइंट टू-टूत स्फोटक रिममध्ये, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या कडेत असतं, त्यामुळे फायरिंग पिन मध्यभागी नाही, कडेवर बसते. चेंबर रिकामं ठेवून वर्षानुवर्षं ट्रिगर दाबला की जुन्या, झिजलेल्या रायफलीत ती पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते. तिथला धातू दबून आत फुगतो आणि काडतुसाची वाट अडवतो.

घाबरू नका, बहुतेक वेळा एवढं काही नसतं. या गोळीच्या शिशावर बाहेरून मेण किंवा ग्रीस असतं. ते काजळीसकट चेंबरच्या तोंडाशी थर धरतं. ब्रश आणि कोरडी चिंधी एवढ्यावर निम्मी दुखणी जातात. चेंबरमध्ये तेलाचा फवारा मारणाऱ्या व्हिडिओवाल्यांचं ऐकू नका. त्या तेलात पुढची काजळी आणखी चिकटते.

एक मात्र दम देऊनच सांगतो. बोल्ट मिटत नाही म्हणून तळहातानं ठोकायचा नाही. रिम चिरडली आणि बोल्ट लॉक होण्याआधी गोळी उडाली, तर पुंगळी फुटून तुकडे तोंडावर येतात. ट्रिगर दाबूनही गोळी उडाली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा. गोळी सुटली पण आवाज फुसका आला, तर रायफल रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. दुरुस्तीनंतरची चाचणी डमी काडतुसांवर.

कडेवरचा तो उंचवटा कानशीनं घासायचा मोह मलाही झाला होता. उस्तादांना फोन केला, त्यांनी यथेच्छ झापलं. तो धातू घासत नाहीत, खास हत्यारानं दाबून जागेवर बसवतात, आणि शस्त्र कायदा 1959 प्रमाणे ते काम परवानाधारक आर्मररचंच, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं. आमच्या आर्मररनं अर्ध्या तासात केलं. पकडीनं बिघडवलेल्या मॅगझिनच्या जागी दुसरं मात्र मी अजून शोधतोय.