जपानी रोज ऐकताय, तरी कळत नाही? या चुका टाळा

महिन्याची चौथी तारीख म्हणजे ‘योक्का’ आणि आठवी म्हणजे ‘योओका’. चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागले त्याला दोन महिने झाले होते. फोनवर पलीकडून जपानी साहेबांनी आठ तारीख सांगितली आणि मी चार लिहून घेतली. चार तारखेला लाइनवरची माणसं सुट्या भागांची वाट बघत बसली. तेव्हा मी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-थ्री पातळी पास होते, दोन्ही शब्द मला पाठ होते, आणि रोज रात्री तासभर जपानी मालिकाही बघत होते. इतकं ऐकूनही कान तयार झाला नव्हता. का झाला नव्हता, हे समजून घ्यायला मला पुढची दोन वर्षं लागली. आता शिकवताना वर्गात त्याच चुका पुन्हा दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

सबटायटल वाचणं म्हणजे ऐकणं नव्हे

माझी सगळ्यात मोठी चूक ही होती. पडद्यावर इंग्रजी ओळ आली की डोळे ती आधी वाचून मोकळे होतात, मग कानावर जे पडतं ते नुसता आवाज म्हणून पडतं. एपिसोड संपतो, गोष्ट समजलेली असते आणि जपानी समजल्याचं समाधानही मिळतं. खात्री करायची तर त्याच एपिसोडमधली कुठलीही दोन मिनिटं डोळे मिटून ऐका आणि ऐकलेलं वहीत उतरवा. किती उतरतं ते लगेच दिसेल.

जपानी सबटायटल जास्त उपयोगाची असतात, पण पहिल्या फेरीत तीही नकोत. कांजी म्हणजे अर्थ दाखवणारी चिनी अक्षरं दिसली की अर्थ कळतो आणि उच्चाराकडे दुर्लक्ष होतं. आधी दोन मिनिटांचा तुकडा काहीही न लावता दोनदा ऐका. मग जपानी सबटायटल लावून, जिथे अडलात तिथे थांबा. शेवटी पुन्हा काहीही न लावता ऐका. या तिन्ही फेऱ्यांना मिळून पंधरा मिनिटं लागतात.

अडलात तिथे नेमकं काय झालं हेही बघा, कारण प्रत्येक अडचणीचं औषध वेगळं आहे. शब्दच माहीत नसेल तर शब्दसंग्रह कमी पडतोय, त्याला आणखी ऐकणं हा उपाय नाही. वाचल्यावर ओळखीचा निघाला पण ऐकताना ओळखला नाही, तर तो तुम्हाला फक्त डोळ्यांनी माहीत आहे. तो मोठ्याने म्हणा, पाच वाक्यांत ऐका. सगळे शब्द ओळखले पण वाक्य हातातून निसटलं, तर वेग कमी पडतोय. त्यावर शॅडोइंग करायचं, म्हणजे बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्ध्या क्षणाच्या अंतराने तेच बोलत जायचं.

ठोके न मोजणं

मराठी माणसाची खरी अडचण इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचा विचार शुद्धलेखनाच्या तासाला होतो. बोलताना ‘इ’ आणि ‘ई’ यांतला फरक आपण फारसा पाळत नाही, त्यामुळे तो ऐकायचीही सवय नसते. जपानीत मात्र दीर्घ स्वर म्हणजे अख्खा एक ठोका जास्त. ‘बि-रु’ दोन ठोक्यांत म्हटलं तर इमारत, ‘बि-इ-रु’ तीन ठोक्यांत म्हटलं तर बिअर. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. बोटाने टेबलावर ठोके देत ऐका, दोन आठवड्यांत कानाला फरक लागायला लागतो.

जोडाक्षराच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. ‘मका’ आणि ‘मक्का’ आपण कधी गोंधळत नाही. त्याच कानाने ‘किते’ म्हणजे ‘ये’ आणि ‘कित्ते’ म्हणजे टपालाचं तिकीट हे वेगळं करता येतं. माझी तारीख नेमकी या दोन गोष्टींच्या मधे अडकली. ‘यो-क्-का’ तीन ठोक्यांचा आणि ‘यो-ओ-का’ही तीन ठोक्यांचाच, म्हणजे ठोके मोजून सुटका नाही. एकात मधल्या ठोक्याला आवाज थांबतो, दुसऱ्यात तो लांबतो. फोनच्या खरखरीत ती शांतता ऐकायची असते, आणि मला शांतता ऐकायला कुणी शिकवलंच नव्हतं.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे वहीत जपानी देवनागरीत लिहिणं. लिहिताना सोपं वाटतं, पण मराठीत ‘च’ दोन: ‘चमचा’तला एक, ‘चिमणी’तला दुसरा. जपानीतले ‘त्सु’ आणि ‘चु’ हे दोन आवाज आपल्या कानाला मुळातच वेगळे कळतात, पण घाईत देवनागरीत ‘चु’ लिहून ठेवलं की नंतर वाचताना दोन्ही एक होतात. पहिल्या महिन्यापासून काना या जपानीच्या उच्चारलिपीतच लिहा. या लेखात मी देवनागरी वापरते आहे ती केवळ सगळ्यांना वाचता यावं म्हणून.

शब्द पुस्तकातल्यासारखा ऐकू येईल ही अपेक्षा

‘देसु’ कानावर ‘देस्’ असं पडतं. ‘सुकि’ होतो ‘स्कि’, ‘गाकुसेइ’ होतो ‘गाक्सेइ’. क, स, त यांसारख्या व्यंजनांच्या मधे सापडलेले ‘इ’ आणि ‘उ’ जवळजवळ गिळले जातात. आपणही ‘घर’ लिहितो आणि शेवटचा ‘अ’ गिळतो, तसंच हे.

बोलीत रूपंही आखडतात. ‘मिते इरु’चं ‘मितेरु’ होतं, ‘वासुरेते शिमात्ता’चं ‘वासुरेचात्ता’, ‘वाकारानाइ’चं ‘वाकान्नाइ’, ‘इकानाकेरेबा’चं ‘इकानाक्या’. आपल्याकडे ‘काय करतो आहेस’चं ‘काय करतोयस’ झालं, त्याच वाटेने. एन-फोरचं व्याकरण पक्कं असलेली मुलं मालिकेत अडखळतात ती बहुतेक इथेच. अशा रूपांचं एक पान वहीत करा आणि ऐकताना प्रत्येक रूप सापडलं की त्यापुढे खूण करा. महिन्याभरात ते पान खुणांनी भरतं.

‘उन’ म्हणजे हो आणि ‘उउन’ म्हणजे नाही. दोन्ही तोंड मिटूनच म्हटले जातात, म्हणून इथे सुरांचा चढउतार ऐकावा लागतो. तसंच, शनिवारी याल का असं विचारल्यावर ‘दोयोउबी वा चोत्तो…’ म्हणजे ‘शनिवारी जरा…’ एवढंच म्हणून कुणी थांबलं, तर वाक्य अर्धवट राहिलेलं नाही. तो नकार आहे.

आवडीचं आणि उपयोगाचं यांत गल्लत

अॅनिमे बघून जपानी शिकायला आलेली मुलं मला फार आवडतात, त्यांची ओढ खरी असते. पण लढाईच्या अॅनिमेतलं ‘ओमाए’, ‘किसामा’ हे ‘तू’साठीचे उद्धट शब्द ऑफिसात कुणाला म्हणून चालणार नाहीत. घरातल्या, शाळेतल्या, दुकानातल्या बोलण्याच्या मालिका निवडा. बातम्या ऐकायच्या तर एनएचकेच्या सोप्या जपानीतल्या बातम्यांपासून सुरुवात करा. तिथे कांजीवर फुरिगाना म्हणजे छोट्या कानात लिहिलेला उच्चार असतो आणि बातमी वाचून दाखवणारा आवाजही.

ऑडिओबुक लोक फार लवकर सुरू करतात. त्यातली भाषा लिखित असते, वाक्यं लांब असतात आणि वाक्यांच्या शेवटी बोलण्यात क्वचितच येणारं ‘दे आरु’ (‘आहे’) भेटतं. ज्याचा मजकूर समोर ठेवता येईल असंच ऑडिओबुक घ्या. स्वामित्वहक्क संपलेलं साहित्य ‘आओझोरा बुंको’ या डिजिटल ग्रंथालयात मोफत वाचता येतं; 1997 पासून स्वयंसेवक ते टंकून ठेवत आले आहेत. त्यातली एखादी छोटी बालकथा निवडा आणि तीच आठवडाभर ऐका. रोज नवं प्रकरण सुरू करायच्या मोहाला बळी पडू नका.

अगदी नवशिक्यांना मी ‘रेडिओ ताइसो’ ऐकायला सांगते. जपानी रेडिओवरचा हा व्यायाम 1928 साली सुरू झाला. त्यातली पहिलीच सूचना ‘उदे ओ माए कारा उए नि आगेते’ अशी आहे. मराठीत शब्दाला शब्द ठेवत गेलं तर ‘हात पुढून वर उचलून’. शब्दांचा क्रमसुद्धा बदलावा लागत नाही. वर्गात हे उमगतं त्या क्षणी मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मनात आधी इंग्रजी करून मग मराठीत आणू नका, जपानीतून मराठीचा रस्ता जवळचा आहे. आकड्यांचंही तेच. ‘मान’ म्हणजे दहा हजार, म्हणून ‘ज्युउमान’ म्हणजे सरळ एक लाख. मिलियनमध्ये शिरलात की पुढचं वाक्य गेलंच.

लावून ठेवणं आणि हळू करणं

स्वयंपाक करताना किंवा लोकलमध्ये काहीतरी जपानी चालू ठेवणं वाईट नाही. आधी नीट ऐकून झालेला तुकडा तेव्हा लावला तर तो मुरतो. न कळणारं मात्र तासन्‌तास चालू ठेवलं, तर कान ते बाजूला सारायला शिकतो. वेग कमी करून ऐकणंही अडलेल्या एखाद्या ओळीपुरतंच ठेवा. कायम पाऊण वेगात ऐकणाऱ्याला खरा माणूस भेटल्यावर धक्का बसतो.

जेएलपीटी देणार असाल तर आणखी एक सांगते. ‘चोउकाइ’ला, म्हणजे ऐकण्याच्या भागाला, 180 पैकी 60 गुण असतात आणि त्यात किमान 19 मिळाले नाहीत, तर बाकीचं कितीही चांगलं गेलं तरी नापास. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. झटपट उत्तराच्या प्रश्नांत तर प्रश्न आणि पर्याय दोन्ही फक्त ऐकायचे असतात, कागदावर काहीच छापलेलं नसतं. एरवी तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायची सवय लागते, म्हणून आठवड्यातून एकदा नवा तुकडा एकदाच ऐका आणि तेवढ्यावरच उत्तर लिहा.

इतक्या वर्षांनीही फोनवर तारीख आली की मी ती वारासकट परत म्हणून घेते: ‘योक्का, मोकुयोउबी देसु ने?’ चौथी तारीख, गुरुवार नं? पलीकडून ‘हाइ’ आल्यावरच ती वहीत लिहिते.