खुब्याची वाटी वळवताना स्क्रूच्या या चुका टाळा

स्वित्झर्लंडचे अस्थिशल्यविशारद राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये बर्न येथे सुरू केलेल्या पेरिअॅसिटॅब्युलर ऑस्टिओटॉमीत खुब्याची उथळ वाटी भोवतालच्या हाडासह कापून वळवली जाते आणि तो तुकडा नव्या जागी स्क्रूंनी धरला जातो; वाटीमागचा हाडाचा जाड खांब, म्हणजे मागचा स्तंभ, मात्र अखंड राखला जातो. बरेचसे स्थैर्य या स्तंभातच असते, हे विसरले की उरलेल्या सर्व चुका सुरू होतात. छिन्नी मागे घसरून तो फुटला, तर त्याने पेललेला भार एकट्या स्क्रूंवर येतो. अशा वेळी प्लेटचा आधार देण्याचा किंवा पायावर भार देणे लांबवण्याचा विचार तेथेच व्हावा.

नेहमीची चूक म्हणजे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेतून खाली एकमेकांना समांतर स्क्रू बसवून संख्येवर समाधान मानणे. चालताना सांध्यावरचा जोर मुख्यतः वर व आत जातो, तर खुर्चीतून उठताना तो मागे वळतो. त्यामुळे तुकड्याच्या पुढील भागातून मागच्या घट्ट हाडाकडे जाणारा एक आडवा स्क्रू चौथ्या समांतर स्क्रूपेक्षा, माझ्या मते, अधिक उपयोगी ठरतो. जाडीचा हिशेबही डोळ्यांना फसवतो: वाकण्याला होणारा विरोध गाभ्याच्या (आटे सोडून उरणाऱ्या दांड्याच्या) व्यासाच्या चौथ्या घाताने वाढत असल्याने ४.५ मिमीचा स्क्रू ३.५ मिमीच्या स्क्रूपेक्षा सुमारे अडीच पट ताठ असतो. मात्र स्क्रू उपटून येणे आट्यांच्या बाहेरच्या व्यासावर, हाडात रुतलेल्या आट्यांच्या लांबीवर आणि हाडाच्या घट्टपणावर अवलंबून असते. बारीक चणीच्या रुग्णाच्या कमरेच्या हाडात जाड स्क्रूने हाडच चिरण्याचा धोका असतो.

वळवल्यानंतर उरलेली फट स्क्रू आवळून मिटवू नये, कारण आवळताना तुकडा ओढला जाऊन साधलेला कोन बिघडतो. तुकडा आधी के-वायरने (तात्पुरत्या बारीक तारेने) धरावा, सी-आर्मवर (शस्त्रक्रियेतील फिरत्या एक्स-रे यंत्रावर) पाहावा, आणि मोठी फट हाडाच्या कलमाने भरावी. शेवटचा स्क्रू बसल्यावर पार्श्व कोन (वाटी मांडीच्या हाडाच्या गोळ्याला बाहेरून किती झाकते हे सांगणारा कोन) साधारण २५ ते ४० अंशांत आहे ना, हे पुन्हा मोजावे; स्क्रू सांध्यात शिरलेला नाही याची खात्री तिरक्या कोनांतून घ्यावी, समोरचे एकच चित्र पुरत नाही.

शस्त्रक्रियेनंतर पाय पूर्ण अधांतरी ठेवणे सुरक्षित वाटते, पण तो उचलून धरण्यासाठी स्नायू ताणले जातात आणि सांध्यावरचा दाब उलट वाढतो. कुबड्यांसह पाऊल जमिनीला हलके टेकवणे अधिक बरे. चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, म्हणून पूर्ण भाराची घाई नको.

पुढच्या एक्स-रेमध्ये कोन बदललेला किंवा स्क्रू वाकलेला दिसल्यास हाड जुळण्याआधीच निर्णय घ्यावा, कारण तेव्हा तुकडा परत हलवणे सोपे असते. खुबा दुमडताना जांघेत दुखत असेल, तर दोष स्क्रूंचा नसून वाटी प्रमाणाबाहेर वळल्याचाही असू शकतो. कडेवर डोकी बोचणारे स्क्रू मात्र हाड पूर्ण जुळल्यावरच काढावेत.