भात लावलाय, वांगडा काय?

कुडाळला सहा वाजता काम सुटतं. धामापूरवरून मालवणकडे जाणारी एसटी वेळेवर मिळाली तर सव्वासातला मी घरात असते, चुकली तर आठ. चपला काढेपर्यंत स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येतो, "भात लावलंय गो. वांगडा काय करतंस ता बघ."

त्या शब्दांत आमच्या घरची सगळी व्यवस्था आली. भात त्यांचा, वांगडा माझा. वांगडा म्हणजे सोबत, जोडीला. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवून आलेल्या माणसाला कांदा चिरायचा त्रास नसतो, कंटाळा येतो तो 'काय करू' ह्या प्रश्नाचा. म्हणून मी आठवड्याची संध्याकाळ चार गोष्टींवर बांधून टाकली आहे: कुळथाचं पीठ, भाजलेला जवळा (सुकी बारीक कोळंबी), सोलं (आमसुलं) आणि अंडी. ह्या चार घरात असल्या की वीस मिनिटांत पानं वाढून होतात. भाजी आणायला राहिली तर राहिली.

आधी भाताचं सांगते. उकडा तांदूळ आम्ही रविवारी शिजवतो, कारण तो वेळ खातो. इतर दिवशी सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ. पोळ्या किंवा भाकऱ्या संध्याकाळी करायच्या नाहीत, हा नियम मी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी केला आणि कोणी उपाशी राहिलं नाही.

आता कुळथाची पिठी. आठवड्यातून दोनदा तरी होते, आणि मला विचाराल तर थकलेल्या माणसासाठी कोकणात हिच्यासारखं दुसरं जेवण नाही. बाजारात पीठ तयार मिळतं, पण जमलं तर घरचं करा. कुळीथ मंद आचेवर भाजायचे, भरडून सालं पाखडायची, मग गिरणीत बारीक दळून आणायचे. मी एप्रिलमध्ये दोन किलोंचं करून ठेवते, ते पावसाळा संपेपर्यंत पुरतं.

चौघांसाठी पोह्याच्या चमच्याने सात-आठ चमचे पीठ आणि साधारण एक लिटर पाणी. पीठ वाटीभर गार पाण्यात कालवून घ्या. गार, हे लक्षात ठेवा. घाईत मी एकदा उकळत्या पाण्यातच पीठ सोडलं, तेव्हा मुलाने पानातली एकेक गुठळी मोजून दाखवली होती. पातेल्यात तेल, त्यात ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या. लसूण लाल होऊ द्या, पिवळसर असताना घाई करू नका, पिठीला वास तिथूनच येतो. मग दोन हिरव्या मिरच्या, एक कांदा, चिमूट हिंग, हळद. कांदा मऊ झाला की उरलेलं पाणी, मीठ आणि तीन-चार सोलं. पाण्याला उकळी फुटली की कालवलेलं पीठ एका हाताने ओतायचं, दुसऱ्या हाताने ढवळायचं. इथून पाच मिनिटं पातेल्याजवळून हलू नका. पिठी दुधासारखी वर येते आणि उतू जाते, आणि उतू गेलेली पिठी शेगडीवरून खरवडायची म्हणजे वाचवलेली वीस मिनिटं परत द्यायची. आच कमी करून सात-आठ मिनिटं शिजली, कच्चा वास गेला की झालं. वर मूठभर ओलं खोबरं, असेल तर कोथिंबीर. नसेल तर नको.

पातळ ठेवा. ताटात वाढेपर्यंत ती घट्ट होतच असते. जवळ्याची चिमूट फोडणीत टाकली तर चव आणखी वाढते, पण सासूबाईंना साधीच लागते. "पिठी असली की माका आणखी काय नको," हे त्या दर वेळी म्हणतात आणि दर वेळी पापडही मागतात.

पिठीसोबत किसमूर, म्हणजे भाजलेल्या जवळ्याची कोशिंबीर. सुका जवळा मे महिन्यात, पावसाच्या आधी घ्यायचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ते दोन महिने ताज्या माशाची आशा सोडायची आणि बरण्यांवर भिस्त ठेवायची. जवळा निवडा, कोरड्या कढईत मंद आचेवर कुरकुरीत भाजा, गार झाल्यावर हाताने चोळून चाळा. वाळू, मिशा, कचरा सगळं खाली जातं. हे काम मी एकदाच, सुट्टीच्या दुपारी, खिडक्या उघड्या टाकून करते. वास शेजारपर्यंत जातो, पण शेजारीही तेच भाजत असतात. घट्ट झाकणाच्या बरणीत जवळा भरून ठेवला की संध्याकाळी चुलीचं कामच उरत नाही. वाटीभर जवळा, एक बारीक चिरलेला कांदा, दोन चमचे खोबरं, अर्धा चमचा मालवणी मसाला, भिजवून चुरलेलं एक सोल, वरून कच्चं खोबरेल चमचाभर. मीठ चाखून मगच घाला, जवळा मुळातच खारट असतो. कालवायचं ते अगदी वाढताना. आधी कालवून ठेवलंत तर कुरकुरीतपणा गेला आणि उरली ती ओली सुकट.

ताजे बांगडे असले तर तिखलं. सकाळी दारावर मासेवाली येते, सासूबाई तिच्याशी दहा मिनिटं भांडून चार बांगडे घेतात आणि साफ करून मीठ-हळद लावून फ्रिजमध्ये ठेवतात. तिखल्याला नारळ खवायचा नाही, वाटण नाही, म्हणून ते आठवड्यातल्या दिवसांत बसतं. पातेल्यात बांगड्याचे तुकडे, तीन चमचे लाल तिखट, हळद, मीठ, चार-पाच सोलं, आठ-दहा तिरफळं आणि अर्धा-पाऊण वाटी पाणी. तिरफळाच्या आतलं काळं बी काढून टाका, वास सालीत असतो. तिरफळ जरा ठेचून घातलं की बांगड्याचा उग्रपणा दबतो. सगळं एकत्र करून चुलीवर ठेवायचं, उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं. चमचा घालायचा नाही, फडक्याने पातेलं धरून गोल फिरवायचं, नाहीतर बांगडा मोडतो. उतरवताना चमचाभर खोबरेल. रात्री खा, पण थोडं सकाळसाठी राखा. दुसऱ्या दिवशीचं तिखलं पहिल्या दिवशीच्यापेक्षा नेहमीच सरस लागतं.

अंड्यांचा प्रकार थोडक्यात सांगते. कांदा परतायचा, मालवणी मसाला आणि भाजलेलं खोबरं घालायचं, दोन वाट्या पाणी, उकळी आली की अंडी थेट त्या रश्शात फोडून सोडायची आणि झाकण ठेवायचं. उकडत बसायचं नाही, सोलत बसायचं नाही. पाच मिनिटांनी हवं तर झाकण उघडा.

भाजलेल्या खोबऱ्यावरून आठवलं. पूर्वी मी कांदा-खोबऱ्याचं ओलं वाटप महिन्याभराचं करून फ्रीजरमध्ये ठेवायचे. मला त्याचा अभिमान होता, बहिणींना फोनवरून सांगायचे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. अंगणातली दोन पोफळी आणि एक माड आडवे झाले, आणि वीज कितीतरी दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी तीन डबे वाटप आणि किलोभर सुरमई परसात खड्डा काढून पुरली. त्यानंतर मी फक्त खोबरं भाजते, कांदा न घालता, आणि पाण्याचा थेंब न लावता मिक्सरला फिरवते. फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस ठीक राहतं. थोडंथोडं करते, गेलं तर वाटीभर जाईल.

आता घावण्यांबद्दल, आणि इथे माझ्यावर काहीजणी रागावतील. 'झटपट काय करू' असं विचारलं की प्रत्येक जण घावणे सांगतो. तांदळाचं पीठ, मीठ, पाणी, ताकाइतकं पातळ पीठ, बिडाचा तवा, झालं. पीठ दोन मिनिटांत तयार होतं हे खरं. पण चौघांना प्रत्येकी चार म्हटले तरी सोळा घावणे होतात, आणि ते एकेक करून काढणारी बाई तव्यापुढेच उभी असते. बाकीचे गरम गरम खातात, ती शेवटी गार दोन खाते. घावणे झटपट आहेत ते बसलेल्यांसाठी. आमच्याकडे ते रविवारी सकाळी होतात आणि तवा नवऱ्याकडे असतो. त्याचे जाड होतात, पण आम्ही काही बोलत नाही.

सोलकढीचंही तसंच. नारळ खवा, वाटा, पिळा, परत पिळा. आठवड्यात त्याऐवजी तिवळ. चार पेले गार पाणी, चार चमचे आगळ (कोकमाचा घट्ट रस), ठेचलेली मिरची, भरडलेलं जिरं, कोथिंबीर, चिमूटभर साखर. आगळात मीठ असतंच, तेव्हा वरून घालू नका. मी एकदा घातलं होतं, तो तांब्या शेवटी माडाच्या मुळात गेला.

श्रावणात मासे नाहीत, जवळा नाही. तेव्हा पिठी, तिवळ, पापड, आणि मे महिन्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. त्या कुकरमध्ये मीठ घालून चार शिट्ट्या. सोलायचं काम मुलाकडे. तो सोलताना निम्म्या खातो, म्हणून मी आधीच दुप्पट टाकते.

एवढं करूनही एखाद्या रात्री काहीच सुचत नाही. गेल्या मंगळवारी एसटी बंद पडली, घरी पोचायला नऊ वाजले. सासूबाईंनी भाताची पेज केली होती, सुका बांगडा विस्तवावर भाजला होता, आणि लोणच्याची बरणी पाटाशेजारी आणून ठेवली होती. मी हात धुऊन बसले. त्या म्हणाल्या, "आज वांगडा मीच केलंय."